हवा घेऊन राह्यला

दसऱ्याच्या आगेमागे थ्रेशर सुरू झाले, की वाशिममधली धूळ उंबऱ्याशी थांबत नाही. शेतातलं कुटार आणि ट्रॅक्टरांनी उधळलेली काळी माती, दोन्ही आमच्या दिवाणावर येऊन बसतात. वाकाटकांच्या काळी हे गाव वत्सगुल्म होतं, राजधानी होतं. तेव्हाही राजवाड्यात कोणीतरी हीच धूळ झटकत असणार, असं मला झाडू हातात घेतला की हटकून वाटतं.

पुण्याच्या लेकीला माझी ही ऐतिहासिक समजूत पटली नाही. तिने उभा व्हॅक्युम क्लीनर पाठवला. निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशिमचं नाव आहे. आमच्या घरात आकांक्षा त्या खोक्यातून आली.

महिनाभर ठीक चाललं. मग तो नुसताच ओरडू लागला. आवाज पिठाच्या गिरणीचा, पण कोपऱ्यातला एक केस उचलेल तर शपथ. मी निदान केलं, मोटर गेली. आपल्याकडे यंत्र बिघडलं की मोटरच जाते. पाईपला ना बटण ना दिवा, त्याच्यावर संशय तरी कसा घ्यायचा? फोनवर दुरुस्तीवाला म्हणाला, अकोल्याला आणा. वाशिम जिल्हा अकोल्यापासून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला, हे यंत्रांना अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.

तेवढ्यात रिसोडकडचे मेव्हणे सोयाबीन विकून घरी आले. चहा घेता घेता त्यांनी तो आवाज ऐकला.

“मोटर चांगली हाय, भाऊजी. पाईप हवा घेऊन राह्यला.”

ज्याचं आयुष्य विहिरीवरच्या पंपाशेजारी गेलं, त्याला हे कान असतात. सक्शनचा पाईप कुठे चिरला किंवा फुटबॉल गळका निघाला (फूट व्हॉल्व्हला आमच्याकडे फुटबॉलच म्हणतात), तर मोटर गरगर फिरते आणि दांड कोरडाच राहतो. खरं म्हणजे पंप पाणी ओढत नाही. बाहेरची हवा ते नळीत ढकलते, तेही जेमतेम दहा मीटरपर्यंत. सतराव्या शतकात टॉरिचेल्लीने पाऱ्याची नळी उलटी धरून हे कोडं सोडवलं. मेव्हण्यांना टॉरिचेल्ली ठाऊक नाही. पण उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की मोटर विहिरीत खाली उतरवावी लागते, हे त्यांना पाठ आहे. घरच्या यंत्राचा जोर तर दोनेक मीटर पाणी उचलण्याइतकाच. एवढ्या ऐपतीत चीर परवडत नाही.

नळीला पूर्वी मान होता. १९०१ साली लंडनच्या ह्यूबर्ट बूथचं यंत्र घोडागाडीवरून यायचं, रस्त्यात उभं राहायचं आणि लांबच लांब नळ्या खिडक्यांतून घरात शिरायच्या. पुढे अमेरिकेत स्पँग्लर नावाच्या झाडूवाल्याने पंखा, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून सुटसुटीत यंत्र केलं; १९०८ साली त्याला पेटंट मिळालं. उभ्या यंत्राचा वंश तिथला. त्याच्या घरात नळी नंतर आली, कोपरे आणि जिने झाडायला. म्हणून तिची कोणी विचारपूस करत नाही.

मेव्हण्यांनी केली. आधी प्लग काढला. पाईप सोडवून एक तोंड खिडकीकडे धरलं, दुसऱ्याला डोळा लावला. अंधार. मग पाईप उभा धरून वरून रुपया सोडला; तो खाली आलाच नाही. मी तार आणायला उठलो तर हात धरून बसवलं. वेटोळ्यांमधलं प्लास्टिक पातळ असतं, तार आरपार जाते. झाडूच्या बोथट दांड्याने हळूहळू ढोसल्यावर ऐवज बाहेर पडला. केसांचा बोळा, राखीचा जरीचा दोरा, दोन टिकल्या, माझा रुपया आणि सोयाबीनचे तीन दाणे. त्यातला एक त्यांनी दाताखाली धरून पाहिला. “ओल जास्त हाय,” ते म्हणाले. सकाळी व्यापाऱ्याने त्यांना हेच ऐकवलं असावं.

मग पाईप वीत वीत ताणून पाहिला. चीर गळ्याशी निघाली, जिथे तो जोडाला वळतो. मी त्याला तिथेच दुमडून खिळ्याला टांगत होतो, हे सौभाग्यवतींनी न विचारता सांगितलं. पाईप कोमट साबणपाण्याने धुऊन दोरीवर दीड दिवस वाळवला. आत ओल राहिली तर धुळीचा चिखल होतो. शेजारचा पोरगा कुंपणावरून ओरडला, “आजी, अजगर!”

चिरेपर्यंतचा तुकडा कापून जोड पुन्हा बसवणं हा पक्का इलाज. पण नव्या वस्तूला कात्री लावायला हिचा जीव धजेना. मेव्हण्यांनी पिशवीतून सायकलच्या ट्यूबची पट्टी काढली आणि पंपाच्या पाईपाला आवळतात तशी करकचून गुंडाळली. यंत्राने पहिल्याच झटक्यात दिवाणाच्या चादरीचं टोक गिळलं.

रात्री लेकीचा व्हिडिओ कॉल आला. “आई, पाईपला ते काळं काय लावलंय?”

“तीट आहे,” ही म्हणाली. “दृष्ट लागली होती त्याला.”