परदेशातला रविवार

माझी भाची दक्षिण कोरियातल्या एका विद्यापीठात शिकवते. फुलचूरला असताना आठ वाजता पांघरूण ओढलं तरी घर डोक्यावर घेणारी ही मुलगी, परवा शनिवार-रविवार तिथल्या बौद्ध मठात राहून आली. भल्या पहाटे उठली म्हणे, आणि 108 नमस्कार घातले. दर नमस्काराला माळेत एक मणी ओवायचा. 2002 च्या फुटबॉल विश्वचषकात पाहुण्यांना हॉटेलं पुरेनात म्हणून तिथल्या मठांनी दारं उघडली, ती उघडीच राहिली.

"मावशी, अशी शांतता तू पाहिलीच नसशील."

ते खरंच. शाळेत जन्म गेला. शांतता पाहिली ती साहेब तपासणीला आल्यावरच.

पण हरायचं कसं? मी ह्यांना म्हटलं, "आपल्या जिल्ह्यातही मठ आहे. चला."

बल्लारशाहच्या गाडीने अर्जुनी, पुढे ऑटोने गोठणगाव. इथे 1972 पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. धानाच्या बांध्या संपतात न संपतात तोच झाडांमधून रंगीत पताका फडफडायला लागतात. आमच्याकडच्या विहारात पांढरी भिंत, बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. इथेही बुद्ध तोच, पण भोवती लग्नघराचे रंग!

वसाहत मात्र निम्मी रिकामी. डिसेंबर होता, कर्ती माणसं स्वेटर विकायला शहरोशहरी गेलेली. तेव्हा मला माझी स्वेटरवाली आठवली. कित्येक हिवाळे मी तिच्याशी पन्नास-पन्नास रुपयांसाठी हुज्जत घातली, लोकर ताणून पाहिली, रंग जाईल का विचारलं. "बाई, तुझं गाव कुठलं?" एवढं तेवढं विचारलं नाही. ती थेट हिमालयातून उतरते आणि थंडी संपली की परत चढते, अशी माझी समजूत! गोठणगावची म्हणाली असती, तर निदान घासाघीस तरी कमी केली असती. बहुतेक.

मठात मीही नमस्कार घालायला लागले. आठव्याला गुडघ्यांनी तपासणीचे साहेब आल्यासारखी शांतता मोडली. ह्यांनी आधार देऊन बाहेर आणलं. पायरीवर एक म्हातारेबाबा मण्यांची माळ ओढत बसले होते. सरकून त्यांनी जागा दिली. लहानपणी आईच्या पाठीवर बसून तिबेटातून डोंगर ओलांडून आलेले. हे सगळं त्यांनी हिंदीत, बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. मग विचारलं, "आप लोग कहाँ से?"

हा प्रश्न त्यांना सुचला.

"फुलचूर. गोंदियाजवळ."

बाबांची माळ थांबली. माझ्या गुडघ्यांकडे पाहून ते कळवळून म्हणाले, "अरे, इतनी दूर से!"