ओटीपी पूर्व खानदेशात

बँकेतून निवृत्त झालेली माणसं देवधर्माला लागतात, नाहीतर शेअर बाजाराला. मी इतिहासात एम. ए. करायला घेतलं, तेही दूरशिक्षणानं. वर्गात बसायचं नाही, परीक्षेपुरतं तोंड दाखवायचं, ही सोय मला फार आवडली.

विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण झाल्या प्रकारात त्याची काडीचीही चूक नाही. त्याचं ग्रंथालय मोबाइलवर आलं आहे. पुस्तक आहे का बघा, मुदत वाढवून घ्या, संशोधनपत्रिका वाचा, सगळं खाटेवर आडवं पडून. विद्यापीठ वर्गणी भरतं त्या पत्रिका एरवी त्याच्या आवारातल्या संगणकांवरच उघडतात. बाहेरच्या सभासदानं ओळख पटवली, की मधला सर्व्हर त्याला आवारातलाच धरून आत सोडतो. ओळख पटवायची ती मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीनं. सहा आकडे टाका, ग्रंथालय तुमचं.

माझ्या स्वाध्यायाचा विषय होता, 1906 साली झालेली खानदेश जिल्ह्याची पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी. पूर्व खानदेश म्हणजे आजचं जळगाव, पश्चिम म्हणजे आमचं धुळं, नंदुरबार धरून. स्वाध्याय लिहायला घेतला, त्या सुमारास आमच्या घराचीही वाटणी झाली होती. लेकीच्या बाळंतपणासाठी सौ. पूर्व खानदेशात, आणि मी पश्चिम खानदेशात, खिचडी करपवत.

खरं तर मोबाइलची गरजच नव्हती. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ 1927 पासून इथंच आहे, माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं उपसली. मला मे महिन्याच्या उन्हात वीस मिनिटं चालायचा कंटाळा.

म्हणून खाटेवर पडून बटण दाबलं. ‘ओटीपी पाठवला आहे’ असं मोबाइल म्हणाला. आला नाही. परत दाबलं. परत पाठवला, परत नाही. गच्चीवर गेलो, मोबाइल सूर्याला अर्घ्य द्यावं तसा वर धरला. शेजारच्यांनी खालून विचारलं, “काय चालू शे आप्पा?” मी म्हटलं, “अभ्यास.”

तीन दिवस हे चाललं. रोज रात्री सौ.चा फोन यायचा. बाळाची हकिकत झाली की ती सांगायची, “अहो, कोणीतरी भामटा माझ्या मागे लागलाय. दिवसभर ओटीपी पाठवतो. मी लगेच पुसून टाकते.” माझी छाती फुगायची. नोकरीत असताना आणि नंतर ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर मी एकच प्रवचन दिलं आहे: ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. मी म्हणायचो, “शाबास! ब्लॉक कर त्याला.” आणि फोन ठेवून परत बटण दाबायचो.

चौथ्या दिवशी ग्रंथालयाला फोन लावला. पलीकडचे ग्रंथपाल फार शांत. म्हणाले, “नोंदीतल्या मोबाइलचे शेवटचे दोन अंक 47 आहेत. तुमचाच ना?” मी ठणकावून सांगितलं, “माझा नाही! तुमच्याकडे नोंद चुकली आहे.” बँकेत तीस वर्षं गिऱ्हाइकांनी मला जे ऐकवलं, ते सगळं मी त्या भल्या माणसाला व्याजासह ऐकवलं. रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथपालाला वाचकापासून वाचवा, हा सहावा माझ्यामुळे घालावा लागेल.

शेवटी लेकीला दाखवू म्हणून एसटीत बसलो. पारोळा, एरंडोल करत जळगाव गाठायचं, म्हणजे घरबसल्या वाचण्यासाठी नव्वदेक किलोमीटर. वाटेत गिरणेकाठचं विद्यापीठ दिसलं, बहिणाबाई चौधरींच्या नावाचं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी, त्यांच्या ओव्या कागदावर उतरवून ठेवल्या आणि 1952 साली त्यांचं पुस्तक झालं. त्यांचं नाव विद्यापीठावर लागलं. मला तीन भाषा लिहिता-वाचता येतात आणि सहा आकडे मिळत नव्हते.

रात्री भरीत-भाकरीवर ताव मारता मारता लेकीला प्रात्यक्षिक दाखवलं. “हे बघ, इथं दाबायचं...” दाबलं. स्वयंपाकघरात टिंग वाजलं. आतून सौ. कडाडली, “आला बघा मेला परत!”

लेकीनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा स्वयंपाकघराकडे. म्हणाली, “आप्पा, अजून एकदा दाबा.” दाबलं. टिंग.

मग आठवलं. प्रवेशअर्ज भरताना जाहिरातवाल्यांचे फोन आपल्याला नकोत, या धूर्तपणानं मीच तिचा नंबर दिला होता. माझ्या मोबाइलवर तो ‘सौ.’ या नावानं आहे. त्याच्या शेवटी 47 आहे हे बघायची चाळीस वर्षांच्या संसारात वेळ आली नव्हती. माझ्या सांगण्यावरून तिनं ब्लॉक करायचा प्रयत्न केला होता, पण तिला ते जमलं नाही. नाहीतर मी अजून गच्चीवर असतो.

मी म्हटलं, “सांग आकडे.” ती म्हणाली, “कोणलेच म्हणजे कोणलेच नही. तुम्हीच शिकवलंय.” पाच मिनिटं विनवण्या झाल्या आणि ओटीपीची मुदत संपली. वर प्रवासाचंही गणित चुकलंच होतं. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. मी पूर्ण तिकीट काढून गेलो. ती ओटीपी घेऊन आली असती तर निम्म्यात भागलं असतं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांची फोनवर माफी मागितली आणि नोंदीतला नंबर बदलायची विनंती केली. ते तितक्याच शांतपणे म्हणाले, “मोबाइलवरूनच होतं. जुन्या नंबरवर ओटीपी जाईल, तो टाका.”

स्वाध्याय गेला, वेळेत गेला. नंबर अजून तिचाच आहे. कुठलं पुस्तक, कशाला हवंय, आधीचं वाचून झालं का, एवढं विचारल्याशिवाय ती आकडे सांगत नाही.