हत्यारवाले काका

हे काका ओळखायची खूण सोपी आहे. त्यांचा डावा हात बघा. मनगटाच्या चार बोटं वर रुपयाएवढ्या जागेत एकही केस नसतो. पटाशीला धार लागली की नाही, याची परीक्षा तिथे होते. केस सपकन उतरले की काका खूश होतात, पातं पुसतात, तेलाचा हात फिरवतात आणि पटाशी जागेवर टांगून ठेवतात. ती लाकडाला लागलीच पाहिजे असं काही नाही.

पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या कारखान्यात उभा जन्म काढून निवृत्त झालेल्या मंडळींत ही जात मुबलक सापडते. मुक्काम बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. गाडी बाहेर रस्त्यावर भिजत असते. तिला गंज चढला तर गॅरेजवाला आहे. रंध्याला कोण आहे?

रंधे येतात जुन्या बाजारातून. बुधवारी आणि रविवारी काका तिथे पिशवी घेऊन हजर. तुटक्या नळांच्या आणि बिनदांड्याच्या हातोड्यांच्या ढिगातून ते एक लालभडक लोखंडी ढेकूळ उपसतात, नखानं खरवडतात आणि खाली ‘मेड इन इंग्लंड’ निघालं की चेहरा शक्य तितका पडलेला ठेवून भाव विचारतात. विक्रेता असे पडलेले चेहरे रोज बघतो, त्यामुळे भाव काही पडत नाही.

घरी आल्यावर त्या रंध्याचं बाळंतपण सुरू होतं. रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजत घालणं (काकूंचं व्हिनेगर, काकूंचंच पातेलं), सकाळी आंबटपणा मारायला खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग तारेचा ब्रश, मग रॉकेल. रंध्याचा तळ सपाट हवा म्हणून जाड काचेवर पॉलिशपेपर चिकटवून घासणं, ८० नंबरपासून २००० नंबरपर्यंत. पात्याला २५ अंशांचा उतार, टोकाला ३० अंशांची बारीक धार. कोन मोजायला वेगळं यंत्र. ‘अपग्रेड’ हा काकांचा लाडका शब्द. मूठ बदलून शिसवी करतात, पितळी स्क्रू चकचकीत होतात. वडिलांचा पाचर ठोकायचा लाकडी रंधा मात्र दिवाणखान्यात काचेच्या कपाटात गेला आहे. घरातले दरवाजे, देवघर आणि काका ज्या पाटावर बसून जेवतात तो पाट त्या रंध्यानं झाला, ही गोष्ट काकू पाहुण्यांना आवर्जून सांगतात. काका तेव्हा पंख्याकडे बघतात.

एकदा मशीनचं तेल संपलं म्हणून त्यांनी सगळ्या करवतींना खोबरेल लावलं. डिसेंबरात पुण्याची थंडी पडली आणि करवती पांढऱ्या झाल्या. काकूंनी विचारलं, “ह्यांनाही वेणीफणी करायची का?”

पण काकांचा खरा धर्म म्हणजे व्यवस्था. कंपनीत कधीतरी जपानी ‘फाइव्ह एस’ आलं होतं: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते काढा, हवं ते जागच्या जागी ठेवा, स्वच्छ करा, त्याचा नियम बांधा, नियम पाळा. त्या काळात ऑडिटवाले येऊन काकांच्या खणातून चहाचा कप शोधून काढायचे आणि गुण कापायचे. आता ऑडिटर काका स्वतःच आहेत. फक्त पहिला एस, नको ते काढण्याचा, त्यांनी वगळलाय. सुरुवात थेट दुसऱ्यापासून.

म्हणून फळीखाली लोणच्याच्या बरण्यांची झाकणं स्क्रूनं ठोकलेली, बरण्या खालून फिरवून लावायच्या. प्रत्येकीवर चिठ्ठी: ‘एक इंची, नवे’, ‘एक इंची, जुने’, ‘एक इंची, वाकडे’. सर्वांत भरलेली बरणी शेवटची: ‘कशाचे ते माहीत नाही, लागतील’. ड्रिल नवं आलं. त्याची बॅटरी १८ व्होल्टची, जुना चार्जर १२ चा. मग नवा चार्जर, दोघांना दोन कप्पे आणि कप्प्यांसाठी एक कपाट. गेल्या काही वर्षांत काकांनी लाकडाचं जे जे केलं ते हत्यारांसाठीच केलं. माणसाला बसता येईल असं त्यात काही नाही.

भिंतीवर पांढरी फळी आहे. तिच्यावर प्रत्येक हत्याराभोवती काळ्या रंगानं आकृती काढलेली. खुनाच्या जागी पोलीस आखतात तशी. हत्यार काढलं की रिकामी आकृती उघडी पडते आणि काकांना ती बघवत नाही. शेजारी पक्कड मागायला आला तर रजिस्टर पुढे येतं: नाव, फ्लॅट नंबर, नेल्याची वेळ, कारण, परत करण्याची तारीख, सही. शेजारी दुकानातून नवी पक्कड आणतो. काका स्वतः काही घेतात तेव्हाही सही करतात, हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण रजिस्टर बघायला मिळतं.

खंडेनवमीला मात्र सगळं दरबारात मांडतात. हळदकुंकवानं डाग पडू नयेत म्हणून लोखंडाला आधी मेण.

यंदा पावसात स्वयंपाकघराचं दार फुगलं. काकांचा रंधा नेमका मूठ बदलायला उघडलेला. चार दिवस वाट बघून काकूंनी मिस्त्री बोलावला. तो एक गोणपाट घेऊन आला, त्यातून एक कळकट रंधा काढला, पातं मोरीच्या कडाप्प्यावर पाच-सहा वेळा घासलं आणि दार खाली काढून कामाला लागला. काका मायक्रोमीटर घेऊन सालपट मोजत बसले.

“चार दशांश मिलिमीटर! जाड आहे हो. माझ्या रंध्याचं अर्ध्या दशांशाचं निघतं.”

“साहेब, तसल्या पातळ सालपटानं दार लागायला दिवाळी उजाडंल.”

चहा होईतो दार लागलं. मिस्त्री पैसे घेऊन गेला आणि त्याची पटाशी ओट्याखाली विसरली. धार देऊन देऊन निम्मी झालेली, दांड्याला सुतळी गुंडाळलेली. काकांना राहवलं नाही. रात्री व्हिनेगर, सकाळी सोडा, दुपारी शिसवी दांडा, संध्याकाळी धार. हातावरचा रुपया आणखी थोडा रुंदावला. दुसऱ्या दिवशी ती फळीवर टांगली गेली, काळ्या आकृतीसकट, दांड्यावर नंबर कोरून.

मिस्त्री शोधत आला. फळीसमोर बराच वेळ उभा राहिला.

“ही माझी न्हवं.”

“तुमचीच. अपग्रेड केली.”

त्यानं हात पुढे केला. काकांनी त्या हातात आधी पेन दिलं. मिस्त्रीनं रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, ‘कारण’ या रकान्यात ‘माझी हाय’ असं लिहिलं, सही केली. काकांनी चष्मा वर करून ओळ तपासली.

“परत कधी आणून देताय, तेवढं राहिलं.”