जोंधळ्याची कुंडली

उमरग्याच्या आडत बाजारात गुरुजी शिरले की हमाल पोत्यांआड होतात. हातात पिशवी असते, पण गुरुजींना आधी ज्वारीचं कुळ विचारायचं असतं.

"हे काय हाय?"

"मालदांडी, गुरुजी."

"ते वाण झालं. तुझा आजा काय म्हणायचा?"

"जोंधळा."

झालं! आळंदचा शेतकरी 'जोळ' म्हणतो, हैदराबादच्या ट्रकचा क्लीनर 'जोन्नलु'. गुरुजी तिघांना ओळीत उभं करून जाहीर करतात, "तुम्ही भाऊबंद! मूळपुरुष एकच, संस्कृतातला यवनाल." भाऊबंद म्हटल्यावर तिघंही दोन पावलं मागं सरतात. आमच्याकडं त्या शब्दामागं बांधाचा दावा असतो.

इथवर कोशकार गुरुजींच्या बाजूनं आहेत. 'यव' म्हणजे जव, 'नाल' म्हणजे दांडा, असाही अर्थ लागतो. पण गुरुजींना त्यात यवनच, म्हणजे ग्रीक, दिसतात. आपलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याचं नाव आहे, इथलं कापड गाड्यांतून भडोचला जायचं. "कापड नेलं, मग बदल्यात काय दिलं? जोंधळा!" त्याच ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालात दारू आहे, तांबं, कथील, पोवळं आहे. जोंधळा नाही. तो आफ्रिकेतून फार आधीच इकडं आलेला. पण हे गुरुजींना कोण सांगणार? सांगणाऱ्याच्या आडनावाची व्युत्पत्ती निघते.

परवा पोलंडात शिकणाऱ्या नातवानं फोनवर सांगितलं, की तिथं राय नावाच्या धान्याला 'झितो' म्हणतात. खोलीतला सर्बियाचा पोरगा तोच शब्द गव्हाला वापरतो. मूळ धातू जगण्याचा, आपल्या 'जीव'चा चुलतभाऊ. गुरुजी खाटेवरून उठलेच. "बरोबर हाय! भंडाऱ्याकडं धान म्हणजे भात. आपल्याकडं नुसतं भाकर म्हटलं की जोंधळ्याचीच. बाजरीची असली तर सांगावं लागतं. ज्याच्यावर पोट, नाव त्याचं!" हे मात्र लाखातलं बोलले. नातवाचा फोन तोवर कट झाला होता.

आजही बाजार उठेपर्यंत व्याख्यान चाललं. गुरुजी घरी आले ते रिकामी पिशवी झुलवत.

"आणली का ज्वारी?" आतून आवाज आला.

"आणली की. यवनांनी."

"मग दळून बी त्यांच्याकडूनच आणा."