चौपाखी

आमचा भाचा ठाण्यात आईवडिलांच्या घरी राहतो, आयटीत नोकरी करतो आणि रात्री जेवणं झाली की बंगले बांधायला बसतो. 'द सिम्स 4' या खेळात. जगभरचे लोक हा खेळ खेळतात ते त्यातली माणसं जगवायला. त्यांना नोकऱ्या लावायच्या, त्यांची लग्नं जमवायची, मोडायची, पोरं वाढवायची. भाच्याला त्यात काडीचा रस नाही. 'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' यातला पूर्वार्ध तेवढा त्याने उचललाय. उत्तरार्धाची चौकशी ताई रोज करते. पूर्वार्धातही जोतं, भिंती, स्वयंपाकघर असली किरकोळ कामं तो भराभर उरकून टाकतो. जीव सगळा छपरात.

या खेळाच्या नादी लागलेल्यांत ही छप्परवेड्यांची वेगळी जात आहे आणि ती रस्त्यातही ओळखू येते. माणसं समोर बघून चालतात, ही वर बघून चालते. आम्ही एका लग्नाला कोकणात गेलो होतो. मंगलाष्टकं चालू असताना हा मागच्या पडवीपाशी उभा राहून कौलांचे फोटो काढत होता. यजमानांच्या चुलतभावाने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "वाटणीसाठी कोणी पाठवलाय का ह्याला?"

त्याच्या लेखी माणसांची किंमत छपरावरून ठरते. सपाट स्लॅबवर थांबणारा माणूस आळशी. दुपाखी छप्पर घालणारा नवशिका, पण सुधारण्याजोगा. चौपाखी घालून वर छोट्या खिडक्यांची टोपरी बसवणारा, तो आपला. छप्पर निवडलं की त्यावर बाण उमटतात. एक ओढला की उतार चढतो, दुसरा ओढला की वळचण पुढे येते, मधला गोळा ओढला की सरळ पाखं पोटाशी वाकतं. दोन पाखी जिथे भेटतात तिथे एकाचा कोपरा दुसऱ्यातून नखभर बाहेर डोकावतो. तो नखभर कोपरा आत घालवण्यासाठी आमचा भाचा पहाटेचे दोन वाजवतो. ऑफिसच्या कामात एवढं लक्ष घातलं असतं तर एव्हाना मॅनेजर झाला असता, असं भावजी म्हणतात. मला वाटतं, मॅनेजर होऊनही त्याने छपरंच घातली असती.

आता या छपरांचा उपयोग काय, ते सांगतो. 'सिम्स 4' बाजारात आला 2014 साली. त्यात ऊन होतं, झाडं होती, तळी होती, पाऊस नव्हता. पाऊस आला 2018 मध्ये, 'सीझन्स' नावाच्या जोडखेळातून, वेगळे पैसे मोजून. आला मात्र जूनमध्येच. एवढं वक्तशीरपण आमच्या मान्सूननेही शिकावं. म्हणजे मधली चार वर्षं ही मंडळी ज्या पावसापासून घरं वाचवत होती, तो पाऊसच तिथे पडत नव्हता. आणि पडायला लागल्यावर कळलं की छपराची तशी गरजही नाही. चारी बाजूंनी भिंती जुळल्या की खेळ खोलीवर आपणहून माळवद घालतो. वर छप्पर नसलं तरी आतलं सतरंजीचं टोकही भिजत नाही.

मी विचारलं, "मग हे सगळं कशासाठी?"

"मामा, पडवीचं काय? पडवीला भिंती नसतात," तो म्हणाला. पडवीवर तो आधी फरशीचा एक थर टाकतो, मग त्यावर छप्पर चढवतो. नंतर परीक्षा. खेळात हवामान बदलायचं एक यंत्र मिळतं. ते फिरवून हा विजांचं वादळ लावतो आणि पडवीत एक माणूस आणून उभा करतो. त्या माणसाचं नाव त्याने 'भाडेकरू' असं ठेवलंय. भाडेकरूला घरात पलंग नाही, चूल नाही. त्याचं काम कोरडं राहणं. बंगले बदलतात, भाडेकरू तोच. मालक मात्र भाडेकरूकडे बघतही नाही, कॅमेरा पार पडवीच्या कडेला नेऊन एखादा थेंब आत येतोय का ते न्याहाळत बसतो.

खरी गंमत पुढे आहे. माणसं त्या घरात राहायला लागली की आतलं दिसावं म्हणून खेळ भिंती कापतो आणि छप्पर सरळ उचलून ठेवतो. खेळणाऱ्याला दिसतात बिछाने, फ्रिज आणि भांडणं. ज्याच्यापायी रात्री गेल्या ते छप्पर घरात कोणी नसतानाच बघायला मिळतं. भाच्याला याचं दुःख नाही. त्याच्या घरांत कोणी नसतंच.

आणि मूळ पुरुषाची साक्ष काढली तर चूक त्याची नाहीच. 'सिम्स'चा पहिला खेळ विल राइट यांच्या डोक्यातून निघाला. 1991 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या डोंगरात मोठा वणवा लागला, त्यात त्यांचं घर जळालं. संसार पुन्हा उभा करताना त्यांना हे सुचलं. सुरुवातीला कल्पना होती ती घर बांधण्याच्या खेळाची, आणि त्यातली माणसं आली ती घर कितपत जमलंय ते सांगायला. 2000 साली तो पहिला खेळ बाजारात आला तेव्हा लोक त्या माणसांवरच भाळले. हे ऐकल्यापासून भाचा स्वतःला सनातनी म्हणवतो.

यंदा एप्रिलमध्ये भाच्याच्या सोसायटीची सभा होती. वरचा मजला दर पावसाळ्यात गळतो, म्हणून गच्चीवर पत्र्याची शेड घालायची की पुन्हा वॉटरप्रूफिंग करायचं, हा विषय. भावजींना बरं नव्हतं, भाचा गेला. नुसता नाही, लॅपटॉप घेऊन गेला. अख्खी इमारत त्याने खेळात उभी केली होती आणि वर मंगळुरी लाल रंगाचं भव्य चौपाखी छप्पर, चारी अंगांनी वळचण पुढे काढलेली. सभासद पुढे सरकून बघायला लागले. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगदी स्वित्झर्लंड वाटतंय हो!"

सेक्रेटरी सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा वर केला. "छान आहे. पाणी कुठून उतरतं?"

"उतरतं म्हणजे?"

भाच्याने यंत्र फिरवून पाऊस सुरू केला. थेंब छपरावर पडले आणि पडल्या जागी नाहीसे झाले. सेक्रेटरींनी अजेंड्याच्या मागे हिशेब मांडला. "आपली गच्ची 300 चौरस मीटर. तासाभराची जोरदार सर धरा 50 मिलिमीटर. झालं 15,000 लिटर. हे तुझ्या वळचणीवरून कोणाच्या बाल्कनीत सोडायचं?"

बाल्कनी म्हटल्याबरोबर सभा जागी झाली. पहिल्या मजल्याने निषेध नोंदवला, दुसऱ्याने कुंड्यांचा मुद्दा काढला, मग पालिकेची परवानगी निघाली, मग मागच्या रंगकामाचा हिशेब. तास-दीड तासाने ठरलं की यंदा फक्त पावसाळी पाइपांची तोंडं पाला काढून मोकळी करावीत, आणि या कामासाठी गच्ची उपसमिती नेमावी. ज्याने विषय मांडला त्यालाच निमंत्रक करायचं, हा आपल्याकडचा जुना रिवाज. भाच्याच्या हातात गच्चीची किल्ली पडली. उपसमितीत दुसरं कोणी नाही.