गरिबी परवडायला हवी

एप्रिल-मे महिन्यांत मराठी मध्यमवर्गीय घरांत वर्षाचं धान्य भरण्याचा सोहळा असे. आता तो बराच आटला आहे, पण संपलेला नाही. गहू पोत्याने यायचा, गच्चीत वाळायचा, निवडला जायचा, एरंडेल चोळून कोठीत जाऊन बसायचा. तूरडाळ, तांदूळ, मिरची, चिंच यांचीही तीच वाट. "हंगामात घेतलं की स्वस्त पडतं," असं आई-आजी सांगत, आणि ते खरंच होतं. फक्त या वाक्याचा पूर्वार्ध कोणी उच्चारत नसे. हंगामात घ्यायचं तर हंगामात हाती रोख रक्कम लागते, धान्य ठेवायला कोठ्या लागतात, कोठ्या ठेवायला जागा लागते आणि त्या जागेवर न गळणारं छप्पर लागतं. एवढं सगळं ज्याच्याकडे आहे त्याला गहू स्वस्त. ज्याच्याकडे यातलं काही नाही, तो तोच गहू पिठाच्या रूपात अर्धा-अर्धा किलो करून, श्रावणातल्या भावाने घेतो. मग आपण म्हणतो, या लोकांना काटकसर म्हणून कळत नाही.

मला तर आताशा वाटायला लागलं आहे की काटकसर हा पैसेवाल्यांचा छंद आहे. तो सुरू करायलाच आधी भांडवल लागतं.

मोबाइलचंच बघा. बहुतेक रिचार्ज 28 दिवसांचे असतात. 28 दिवसांचा महिना धरला की वर्षाला रिचार्ज तेरा होतात. 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण आपल्या पूर्वजांनी अधिक मासावरून बनवली. ती एवढ्या तंतोतंत खरी करून दाखवण्याचं श्रेय मात्र मोबाइल कंपन्यांना द्यायला हवं. दूरसंचार नियामकाने 2022 मध्ये या कंपन्यांना निदान एक तरी 30 दिवसांचा प्लॅन ठेवायला लावला. पण ज्याला जमतं तो वर्षाचे पैसे एकदम भरून मोकळा होतो आणि त्याला ते स्वस्तही पडतं. तेरावा महिना बाकीच्यांसाठी.

रेल्वेचा पासही तसाच. मुंबईच्या लोकलचा दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास साधारण पंधरा-वीस एकेरी तिकिटांच्या पैशांत निघतो. तीन महिन्यांचा काढला तर आणखी स्वस्त, वर्षाचा काढला तर बारा महिन्यांचा प्रवास जेमतेम अकरा महिन्यांच्या पैशांत. आता नाक्यावर उभा राहणारा गवंडी किंवा बिगारी डोळ्यांसमोर आणा. त्याला आज काम मिळणार की नाही हे सकाळी नऊपर्यंत कळत नाही. मिळालं तर ते मुलुंडला असेल की मीरा रोडला, तेही ठेकेदार सांगतो तेव्हा समजतं. त्याने पास कुठून कुठपर्यंतचा काढावा? तो रोजचं तिकीट काढतो. नोकरी कायम असेल, तर प्रवासही सवलतीत.

घराच्या बाबतीत तर मुंबईने कमालच केली आहे. इथे 'हेवी डिपॉझिट' नावाची एक सोय आहे. मालकाच्या हातात काही लाख रुपये एकदम ठेवा, भाडं शून्य किंवा नावापुरतं, आणि सोडताना डिपॉझिट परत! म्हणजे ज्याच्याकडे काही लाख आहेत तो जवळजवळ फुकट राहतो. ज्याच्याकडे नाहीत तो दर महिन्याला भाडं भरतो आणि अकरा महिन्यांनी दलालाला पुन्हा दलाली देतो.

चाळीत किंवा वस्तीत खोली घेतली तर त्या भाड्यात विजेची गंमत मिसळते. आपल्याकडे वीज टप्प्याटप्प्याने महाग होते. पहिली 100 युनिट स्वस्त, मग 300 पर्यंतचा टप्पा, मग 500 पर्यंतचा आणि त्यापुढे सगळ्यात महाग. हेतू चांगला आहे : कमी वापरणाऱ्याला स्वस्त, एसीवाल्याला महाग. पण दहा खोल्यांच्या मालकाकडे मीटर एकच असतो. प्रत्येक खोलीत एक पंखा, दोन दिवे, एक टीव्ही, फार तर सत्तर युनिट. दहांची बेरीज सातशे. म्हणजे कागदावर त्या दहा खोल्या मिळून एक ऐषारामी कुटुंब होतात आणि पंख्याला एसीचा दर लागतो. मग मालक टप्प्यांच्या भानगडीत पडतच नाही. सब-मीटर बसवतो, सरसकट दहा-बारा रुपये युनिट सांगतो, वर "तुमच्यामुळे मला बिल जास्त येतं" हेही ऐकवतो.

पण या सगळ्या हिशेबांचा राजा म्हणजे पाणी. सी. के. प्रल्हाद या व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपल्या सहकाऱ्यासह 2000 च्या सुमारास मुंबईतल्या दोन ठिकाणांचे भाव शेजारी शेजारी मांडले होते. एक धारावी, दुसरा वॉर्डन रोड, म्हणजे आजचा भुलाभाई देसाई मार्ग, जिथे खिडकीतून समुद्र दिसतो. तांदूळ धारावीत 1.2 पट महाग. जुलाबावरचं औषध दहा पट. कर्ज वॉर्डन रोडला वर्षाला 12 ते 18 टक्क्यांनी, धारावीत 600 ते 1000 टक्क्यांनी. आणि पाणी 37 पट.

तांदूळ थोडाच महाग आणि पाणी इतकं महाग, असं का? तांदूळ कोणीही डोक्यावर घेऊन येऊ शकतो, चार दुकानं असली की भाव आपोआप ताळ्यावर येतो. पाणी नळातून येतं आणि नळाला परवानगी लागते. परवानगीला पुरावा लागतो आणि तो एका ठरावीक तारखेच्या आधीचा असावा लागतो. मुंबईत वर्षानुवर्षं ही तारीख 1 जानेवारी 1995 होती, मग 2000 झाली. त्यानंतर आलेल्याला तहान लागत असे, पण ती अधिकृत नव्हती. पालिकेचा दर हजार लिटरला पाच-सात रुपयांच्या घरात. वस्तीत तीस लिटरचा कॅन दहा रुपयांना घेतला, तर हजार लिटरचे होतात तीनशेच्या वर. पाणी तेच, तानसा-वैतरणेचं. मधली किंमत पाइपाची, दादाची, पंपाची आणि डोळेझाकीची. डिसेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की अनधिकृत वस्तीत राहतो म्हणून कोणाला पाणी नाकारता येणार नाही. पालिकेचं 'सर्वांसाठी पाणी' धोरण आलं 2022 मध्ये. दरम्यानची आठ वर्षं पाणी काही थांबलं नव्हतं. कॅनने येत होतं.

यात एक खर्च कुठल्याच तक्त्यात नसतो, तो म्हणजे खाडा. टँकरची वाट बघण्यात सकाळ गेली की खाडा. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं तर एक खाडा अर्ज द्यायला, दुसरा "साहेब आज नाहीत" हे ऐकायला. माझ्यासारख्याची सरकारी कामातली खेप रजेत बसते, पगारासकट. घरकाम करणाऱ्या मावशींची रोजंदारीतून जाते.

बँकांनीही हातभार लावला. एप्रिल ते नोव्हेंबर 2017 या आठ महिन्यांत भारतीय स्टेट बँकेने खात्यात किमान शिल्लक नसल्याबद्दल 1,771 कोटी रुपये दंड वसूल केला. त्याच वर्षीच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीतल्या नफ्यापेक्षा ही रक्कम मोठी होती. जनधन खाती यातून वगळलेली होती, हे सांगायला हवं. आणि मार्च 2020 मध्ये बँकेने ही अट सर्वच बचत खात्यांसाठी काढून टाकली, हेही. तरी पैसे कमी आहेत म्हणून दंड आणि दंडापोटी असलेले पैसेही कमी, ही कल्पना ज्याला सुचली त्याला विनोदी लेखक म्हणून मी मानतो.

कोणी म्हणेल, शाम्पूच्या पुडीचं काय? खरं आहे, तो अपवाद आहे. कित्येक शाम्पूंची एक-दोन रुपयांची पुडी मिलीलिटरच्या हिशेबाने बाटलीपेक्षा स्वस्त पडते. तिथे कंपन्यांचीच एकमेकींशी मारामारी असते. त्यामुळे केस धुण्याच्या बाबतीत या देशात समता आहे. बाकी अंगाचं बघू.

राहिला प्रश्न 'यांना हिशेब कळत नाही' याचा. भाजी विकणारी बाई पहाटे नऊशे रुपये उचलते आणि संध्याकाळी हजार देते. व्याजाचा दर तिला ठाऊक नाही असं समजू नका. काढून बघा : वर्षातले तीनशे दिवस धंदा केला तर नऊशे रुपयांच्या भांडवलासाठी ती तीस हजार मोजते. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी 'पुअर इकॉनॉमिक्स' या पुस्तकात चेन्नईतल्या फळविक्रेत्यांचा दर दिवसाला सरासरी 4.69 टक्के असा दिला आहे. त्यांनी असंही दाखवलं की सुरुवातीला चहाचे काही कप सोडून तेवढे पैसे भांडवलात घातले, तर तीन महिन्यांत ती बाई कर्जातून मोकळी होते. हिशेब बिनचूक आहे. पण त्या तीन महिन्यांत पोराला ताप येता कामा नये, पावसाने माल कुजता कामा नये आणि पालिकेची गाडी येऊन पाटी उचलून नेता कामा नये. हे तिन्ही टळलेले सलग तीन महिने मी आमच्या कोपऱ्यावर अजून पाहिलेले नाहीत. शिवाय सावकार काही अगदीच मूर्खासारखा निवडलेला नसतो. तो पहाटे चारला मार्केटच्या दारात असतो, जामीन मागत नाही, फॉर्म भरायला लावत नाही. बँक दहाला उघडते, तोवर मेथी विकून झालेली असते.

जून 2020 मध्ये सुरू झालेली पीएम स्वनिधी योजना नेमकी याच जागी आली. फेरीवाल्यांना तारण न मागता पहिलं कर्ज (सुरुवातीला ते 10,000 रुपयांचं होतं), वेळेवर फेडलं तर व्याजात 7 टक्के सवलत, पुढचं कर्ज मोठं. कल्पना मला मनापासून पटते. फक्त त्यासाठी फेरीवाला असल्याचा कागद लागतो, म्हणजे ओळखपत्र किंवा पालिकेचं शिफारसपत्र, आणि तो कागद मिळवायचा तर पुन्हा खाडा.

हे सगळं बदलायचं काम पालिकेचं, बँकांचं आणि वीज कंपनीचं आहे. तुमच्या-माझ्या हातात फार थोडं आहे. पण जे आहे ते रोज संध्याकाळी भाजीच्या गाडीवर असतं. तीस रुपयांची मेथी घेऊन आपण हक्काने म्हणतो, "थोडा कढीपत्ता टाका हो वरून." त्या बाईच्या गल्ल्यातले पहिले शंभर रुपये अंधार पडायच्या आत दुसऱ्याचे झालेले असतात. तेव्हा कढीपत्ता विकत घ्या. पाच रुपयांना मिळतो.