कन्फर्म नाही, पण पक्कं

इंटर्नशिपमधली रात्र. पावणेतीन वाजलेले. कॅज्युअल्टीत फवारणीचं औषध प्यायलेल्या एका माणसाच्या नाकातून मी राइल्स ट्यूब घालत होते. दोन नातेवाईक त्याचे पाय दाबून बसलेले, सिनियर ‘ॲट्रोपिन, ॲट्रोपिन’ करत ओरडतोय, आणि ॲप्रनच्या खिशात माझा फोन थरथरतोय. एकदा, दोनदा, सात वेळा. घरी काही झालं की काय, या धास्तीने ट्यूब बसल्या बसल्या हातमोजा ओढून काढला आणि फोन पाहिला.

जीआरचा मेसेज होता. ‘इंटर्नशिप तीन महिन्यांनी वाढतेय. कन्फर्म नाही, पण पक्कं आहे.’

तो माणूस वाचला. इंटर्नशिप वाढली नाही. जीआरला मात्र मी त्या रात्री मनातल्या मनात तीच ट्यूब घातली.

तुमच्याही बॅचमध्ये असेलच असा एखादा. नाव वेगळं असेल, ऐवज तोच. आमच्याला जीआर हे नाव पहिल्या वर्षीच पडलं. ॲनाटॉमीची टेस्ट पुढे गेल्याचा जीआर निघालाय, असं त्याने मेसमध्ये जाहीर केलं. एका कॉलेजातल्या एका टेस्टसाठी मंत्रालय शासन निर्णय काढत नाही, एवढी अक्कल तेव्हा आमच्यापैकी एकालाही नव्हती. सगळे निवांत झोपलो. सकाळी टेस्ट झाली. पुढे नोकरीत खरे शासन निर्णय वाचायची वेळ आली तेव्हा कळलं, की त्यात ‘वाचा’ असतं, ‘प्रस्तावना’ असते आणि लांबलचक संगणक सांकेतांक असतो. आमच्या जीआरमध्ये प्रस्तावना भरपूर असायची, सांकेतांक कधीच नाही.

‘माझा सोर्स आतला आहे,’ असं तो म्हणायचा. हा आतला सोर्स म्हणजे गेटवरचा चहावाला, हे तिसऱ्या वर्षी उघडकीला आलं. स्टुडंट सेक्शनला रोज अकरा वाजता सहा कटिंग जायचे. सहाच्या जागी अकरा गेले, की आत बाहेरची माणसं बसलीत. बाहेरची माणसं म्हणजे मीटिंग, मीटिंग म्हणजे तारीख, आणि तारीख म्हणजे परीक्षा. एवढ्या पाच कपांवर जीआर आख्खं वेळापत्रक उभं करायचा. खरं सांगायचं तर रोगनिदानाची पद्धत यापेक्षा फार वेगळी नसते.

त्याच्या तोंडात ते पालुपद इतकं बसलं होतं, की फायनलच्या प्रॅक्टिकललाही सुटलं नाही. एक्स्टर्नलने विचारलं, प्लीहा लागते का हाताला? जीआरने पेशंटच्या पोटावर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाला, ‘सर, कन्फर्म नाही, पण पक्कं आहे.’ एक्स्टर्नल म्हणाले, ‘अरे, प्लीहा आहे की लोकसभेची उमेदवारी?’ प्लीहा खरोखरच वाढलेली होती. पास झाला. त्या दिवसापासून तर तो आवरेनाच.

साखरपुडे, ब्रेकअप, कोणाला कुठे आरएमओची नोकरी लागली, कोण डॉक्टरकी सोडून यूपीएससीला बसला, सगळं पहिल्यांदा त्याच्याकडून. दोन वर्षं सिनियर असलेल्या एका मुलाचा अमेरिकेत मॅच झाला, ही बातमी त्याने फोनवर एवढ्या मोठ्याने दिली की स्वयंपाकघरातून आईने विचारलं, ‘मुलगी कुठली?’ रेसिडेन्सीची जागा मिळण्याला तिकडे मॅच म्हणतात, हे तिला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘ते असू दे. मुलगी कुठली?’

त्याच्यावर रागवायचं तरी किती? अडचण अशी, की खऱ्या बातम्या त्याच्या थापांपेक्षा अचाट निघायला लागल्या. 2023च्या जूनमध्ये जाहीर झालं, की 2019च्या बॅचला फायनलऐवजी नेक्स्ट ही नवी परीक्षा द्यावी लागणार. जीआरने ज्युनियरांच्या होस्टेलसमोर उभं राहून ही बातमी अशी काही दिली, की दोन पोरी माझ्या खोलीत रडत आल्या. जुलैत नेक्स्ट पुढे ढकलली गेली. लगेच हा म्हणाला, ‘मी म्हटलंच होतं, कन्फर्म नाही.’ आली त्याचंही श्रेय त्याला, गेली त्याचंही. सप्टेंबरमध्ये मेसच्या टेबलावर त्याने सांगितलं, की पीजीची कटऑफ शून्य पर्सेंटाइल होतेय. आम्ही ताटं वाजवून हसलो. शून्याच्या खाली काय, उणे पर्सेंटाइल? कोणीतरी त्याच्या वरणात मिठाची अख्खी वाटी ओतली. त्याच आठवड्यात खरोखरच शून्य झाली. दिल्लीत कोणाकडे किती कप गेले होते, देव जाणे.

आमची स्वतःची नीट पीजी आली 2024 साली. तारीख आधी 3 मार्च, मग 7 जुलै, मग 23 जून. यात जीआरने मधल्या काळात दिलेल्या तारखा मोजलेल्या नाहीत. परीक्षा 200 प्रश्नांची आणि साडेतीन तासांची, पण तारखेचाच अभ्यास जास्त झाला.

22 जूनच्या रात्री बाबा आणि मी परगावी एका लॉजवर. बाबांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढलेली, पंखा खडखडतोय, मी ॲडमिट कार्डाची झेरॉक्स तिसऱ्यांदा पिशवीत ठेवतेय. जीआरचा फोन आला.

‘अगं, उद्याचा पेपर पुढे गेला.’

मी शेपटाची वाट पाहिली. शेपूट आलंच नाही.

‘कन्फर्म?’

‘कन्फर्म.’

त्याच्या तोंडून तो शब्द असा एकटा, उघडाबोडका कधी ऐकलाच नव्हता. त्यामुळे माझा अजिबात विश्वास बसला नाही. पाऊण तास औषधांचे डोस घोकत बसले. मग टीव्हीवर पट्टी आली. बाबांनी दशम्या परत फडक्यात बांधल्या आणि म्हणाले, ‘सकाळी सहाची गाडी आहे.’ एवढंच. नंतर कळलं, की लांबच्या सेंटरला गेलेल्या प्रत्येकाला त्याने त्या रात्री एकेक करून फोन केला होता. तोही दुसऱ्या गावी कुठल्याशा लॉजवरच होता. कुठल्या, ते आम्ही कोणी विचारलं नाही.

पेपर शेवटी 11 ऑगस्टला झाला, 23 ऑगस्टला निकाल. माझा रँक सहा आकडी. मी फोन बंद केला आणि तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले. चौथ्या दिवशी बाबा दारात येऊन उभे राहिले आणि अंगणातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, ‘यंदा पेपरच वाकडा होता म्हणे. सगळ्यांचे रँक गेले. शेवटच्या राउंडला सीटा उरतात, त्यात लागतं.’ मग जरा थांबून, ‘कन्फर्म नाही, पण पक्कं आहे.’

मी उठून बसले.

माझा फोन लागेना म्हणून जीआरने बाबांना लावला होता. रोज. पहिली पाच मिनिटं सीटांवर, पुढची चाळीस कापसावर. बोंडअळी, सरकीचा भाव, पाऊस. ‘त्याच्याकडेही चार एकर कापूसच आहे. वडील नाहीत, आई बघते,’ बाबा म्हणाले. ‘तुला माहीत नव्हतं?’

सहा वर्षं एका बॅचमध्ये होतो आम्ही. मला माहीत नव्हतं. आईने फक्त आडनाव विचारलं.

सीट लागली नाहीच. दहा लाख भरून बॉन्ड मोडण्यापेक्षा वर्ष भरलेलं बरं, म्हणून मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. आदिवासी भागात वीस हजार लोकांमागे असं एक केंद्र असावं, असा निकष आहे. त्या वीस हजारांना वाटेल ते होतं आणि ते बहुतेक रात्रीच होतं. मोबाईलला रेंज एकाच जागी येते. पाण्याच्या टाकीच्या तिसऱ्या पायरीवर उजवा पाय कठड्याला लावून उभं राहायचं, तोंड तालुक्याच्या दिशेला. बॅचचे मेसेज मी दिवसातून एकदा असे एका पायावर वाचते. वर्ष भरलं तरी इथेच आहे. गरोदर मातांच्या तपासणीच्या दिवशी तेवढीही फुरसत होत नाही.

पुढच्या साली पेपर 15 जूनचा 3 ऑगस्टला गेला. मीही बसले होते. माझा रँक या वेळी पाच आकडी निघाला, निदान रेडिओलॉजीचं नाव घेऊन कोणी हसणार नाही इतपत. निकालाच्या संध्याकाळी टाकीवर चढले, तर जीआरची यादी येऊन पडलेली. एकतीस नावं, रँकसकट. पुढे त्याची शेरेबाजी: ही स्किन घेणार, हा ऑर्थोच घेईल, याचं दुसऱ्या राउंडला मेडिसिन होतंय. खाली पेढ्यांचे, फुग्यांचे, हात जोडलेले मेसेज, पार बोटं दुखेपर्यंत.

यादी पुन्हा वरपासून वाचली. एकतीस. त्याचं नाव नव्हतं. गेल्या सालची यादी शोधून काढली, त्यातही नव्हतं. दोन्ही वेळा तो परीक्षेला बसला होता, हे मात्र नक्की. दोन्ही वेळा ‘तुझं काय?’ असं कोणी विचारलेलं दिसलं नाही. मीही नाही. आमच्याकडच्या सगळ्या बातम्या त्याच्याकडूनच यायच्या, मग त्याची बातमी देणार कोण?

फोन लावला. बिझी. दहा मिनिटांनी परत लावला. बिझी. तिसऱ्यांदा त्याने कट केला आणि मेसेज आला: ‘थांब. एकीच्या आईशी बोलतोय. पोरीने फोन बंद ठेवलाय.’

खालून सिस्टरांनी हाक मारली, एक बाई कळा घेऊन आली होती. ‘आले, आले,’ म्हणत मी आणखी दोन मिनिटं पायरीवर तशीच उभी राहिले, उजवा पाय कठड्याला लावून.